करमरकरांनी नाकारलेला चहा

"माणसं जिंकणं हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे!" अंधेरीच्या घरात शर्टाची बटणं लावता लावता देवव्रत करमरकरांनी जाहीर केलं. "बघच तू, पाच मिनिटांत व्याही खिशात!"

"बाबा, प्लीज, कोणाला खिशात घालू नकोस," गंधाली म्हणाली. "गप्प बस आणि देतील ते खा. झकास जाईल सगळं."

पोरीचा जीव टांगणीला लागला होता हो! मढच्या कोळीवाड्यातला कृणाल आणि ही, तीन वर्षं एकमेकांसाठी थांबली होती. करमरकरांच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, तिकडे कोळीवाड्यानंही 'बामणाची पोर आपल्यात टिकेल का' म्हणून माना हलवल्या. फक्त देवव्रत लेकीच्या पाठीशी ठाम उभे राहिले. आज दोन्ही घरं पहिल्यांदा समोरासमोर बसणार होती. जमलं तर जमलं, नाहीतर वाट लागली!

देवव्रतांची तयारी जंगी होती. पिशवीत पेढे, नारळ आणि फिल्टर कॉफीचा थर्मास. चहानं त्यांना पित्त होई, म्हणून वीस वर्षं त्यांनी चहाला तोंड लावलं नव्हतं. आणि कॉफी मिळाली नाही की बरोबर अकराला डोकं ठणकायला लागे. पण वर्सोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत पाय टाकल्यावर पाहतात तर काय, थर्मास गायब!

"मी काढून ठेवला," त्यांची बायको शर्मिष्ठा शांतपणे म्हणाली. "सोयरिकीला जाताना स्वतःचा थर्मास? लोक काय म्हणतील!"

खाडी पार करायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण पलीकडे उतरलं की अंधेरी कुठल्या कुठे राहते. दोरीवर सुकणारे बोंबील, दारात जाळी विणणारे म्हातारे आणि नव्या माणसाकडे टक लावून बघणारं अख्खं गाव. धर्मा आणि पुतळाबाई, म्हणजे कृणालचे आईवडील, वाट बघत उभे होते. दोघं कशी हसतमुख! कृणालची बहीण हेमांगी गंधालीला लगेच आत घेऊन गेली. पुतळाबाईंनी नव्या कपांचा ट्रे आणला, पहिला कप देवव्रतांपुढे धरला.

"नको नको! मी चहा घेत नाही!" देवव्रत हात जोडून म्हणाले. "तुम्ही अजिबात तसदी घेऊ नका!"

पुतळाबाईंचा हात तसाच राहिला. त्यांनी धर्माकडे पाहिलं, धर्मानं खाली पाहिलं.

"ते कुठेच पीत नाहीत हो," शर्मिष्ठा घाईघाईनं म्हणाली. ती आपली खरं तेच बोलत होती, पण ऐकणाऱ्याला सारवासारवच वाटावी. देवव्रतांच्या काही लक्षात आलं नाही. अकरा वाजून गेले होते आणि कपाळाच्या आत कोणीतरी पाट्यावर मसाला वाटत होतं. "जरा गाव बघून येतो," असं म्हणून ते सटकले.

नाक्यावर दत्तारामची टपरी होती.

"कॉफी मिळेल का हो? जरा चांगली?"

"मशीन बिघडलंय. चाय देऊ?"

"नको, चहा नको." मग देवव्रतांना धाकधूक वाटली. व्याह्यांच्या घरून उठून टपरीवर आलो हे बरं दिसेल का? त्यांनी आवाज खाली आणला. "मी इथे आलो होतो, हे धर्मांना सांगू नका हं."

दत्तारामनं मान डोलावली. दत्ताराम धर्माचा सख्खा चुलतभाऊ होता! देवव्रत पुढच्या वळणावर पोचेपर्यंत त्याचा फोन कानाला लागलासुद्धा.

पुढे वनमालाबाई अंगणात सुकट निवडत होत्या. तिथेही तेच. "चाय टाकते." "नको नको. आणि धर्मांना बोलू नका." आणखी दोन दारं, तोच प्रश्न, तोच नकार, तीच कुजबुज. हायवेवरच्यासारखा चकाचक फलक लावलेला एक कॅफे दिसला, तर त्याला टाळं! देवव्रत त्या टाळ्याकडे बघत रडकुंडीला आले.

इकडे गावभर झालं होतं. मुलीचा बाप दारोदार फिरतोय, कोणाच्या घरचं घोटभर घेत नाय, आणि धर्माला कळू देऊ नका बोलतो! पोराची चौकशी चाललीय, दुसरं काय?

होड्यांपाशी धर्मानं त्यांना गाठलं. मागे गंधाली होती, डोळे लाल.

"साहेब, माझ्या पोराबद्दल काय इचारायचं ते मला इचारा," धर्मा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच देवव्रतांना जास्त भीती वाटली. "आणि आमचे घरचा चाय चालत नसेल, तर तसं बोला. तुमाला मानानं बोटीत बसवून देतो."

देवव्रतांच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. त्या कपाचा असा अर्थ झाला? आणि आपण घरोघर तोच अर्थ वाटत फिरलो?

"अहो, मला... मला फक्त कॉफी हवी होती!"

खरं इतकं पुचाट निघेल यावर कोणाचा विश्वास बसणार?

"बाबा, एक कप चहा प्यायला असतास तर काय मेला असतास का रे?" गंधाली रडत म्हणाली.

"चुकलं माझं," देवव्रत म्हणाले आणि चालायलाच लागले. दत्तारामकडे एक कप. वनमालाबाईंकडे एक, वर "घ्या ना अजून" म्हणून अर्धा. मग ती दोन दारं. प्रत्येक ठिकाणी हात जोडले, प्रत्येक ठिकाणी कप तळापर्यंत संपवला. मागून धर्मा चालला होता, त्याच्या मागे निम्मं गाव. शेवटी पुतळाबाईंसमोर बसून त्यांनी स्वतःच कप मागून घेतला.

पुतळाबाई अखेर हसल्या.

"आता बसा गुमान," त्या म्हणाल्या आणि आतून पितळी पेला घेऊन आल्या. "तुमाला कॉफी लागते ते पोरीनं मला नि कृणालला सांगितलेलं, यांना नाय. कृणालनं रातच्यालाच फिल्टर लावून ठेवलाय. चाय झाला की देणारच होतो, पण तुमी पळालात कुठं?"

तोच वास! वरती तोच फेस! आणि पोटात साडेपाच कप चहा, पित्त थेट घशाशी. नको म्हणायची तर आता जन्मात सोय नव्हती. देवव्रतांनी डोळे मिटून घोट घेतला. जळजळ अशी उसळली की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"लेकीचा बाप हाय तो!" पुतळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "रडू द्या त्याला!"

धर्मानं कडकडून मिठी मारली, ती नेमकी पोटावर. तारीख तिथल्या तिथे ठरली.

परतीच्या बोटीत शर्मिष्ठा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तू इतका हळवा असशील असं वाटलं नव्हतं रे."

देवव्रतांनी छाती दाबून धरली होती. "पित्ताची गोळी दे ना एक. माझ्या पिशवीत पाकीट होतं."

"ते होय? थर्मासबरोबर तेही काढून ठेवलं. सोयरिकीला जाताना गोळ्या! लोक काय म्हणतील!"