मखमलचे सांधे

धर्माबादच्या मलप्पांच्या मिरचीच्या दुकानात मखमल नावाची बारा वर्षांची मांजर होती. पंधरा दिवसांपासून ती पोत्यांच्या थप्पीवर चढेनाशी झाली. वर उंदीर पळायचे आणि ती खाली बसून नुसती बघायची.

"आळशी झाली," मलप्पांनी निकाल दिला.

"पाय दुखून राहिले तिचे," त्यांची बायको गुरम्मा म्हणाली. "दवाखान्यात नेऊ."

"दवाखाना कशाला? माझ्या गुडघ्याची गोळी हाय की. अर्धी देतो."

गुरम्मानं गोळ्यांची पट्टी हिसकावून घेतली. "माणसाची गोळी मांजराला? जीव घ्यायचाय का तिचा?"

दोघं निघाले. पिशवी सापडेना, म्हणून मलप्पांनी मखमलला मिरचीच्या रिकाम्या पोत्यात घातलं. "चांगलं झटकलंय मी," ते म्हणाले.

जनावरांच्या दवाखान्यात पोतं उघडलं तशी आधी मखमल शिंकली, मग डॉक्टर उज्वला शिंकल्या आणि शेवटी दारात बांधलेली म्हैस. म्हशीची शिंक ऐकून मखमलनं टेबलावरून उडी घेतली ती थेट औषधांच्या कपाटावर.

"बगा!" मलप्पा डोळे पुसत ओरडले. "काय बी झालं न्हाई हिला. सोंग समदं!"

"भीतीनं चढली," डॉक्टर म्हणाल्या. "आता उतरते का बघा."

मखमल कपाटाच्या कडेशी आली. तिनं एक पाय पुढं काढला आणि हळूच मागं घेतला.

"मी काढतो," म्हणत मलप्पा स्टुलावर चढले. हात वर गेला आणि गुडघ्यात कट्कन आवाज झाला. ते तसेच थांबले.

"उतरा की," गुरम्मा म्हणाली.

"उतरतो. घाई काय हाय?"

पाच मिनिटं झाली तरी मलप्पा स्टुलावरच. अखेर म्हशीचे मालक श्रीमंत यांनी त्यांना कमरेला धरून उचललं. तेवढ्यात मखमल मलप्पांच्या खांद्यावर आली आणि त्यांच्यासोबत आरामात खाली उतरली.

डॉक्टरांनी तिचे पाय हलक्या हातानं दाबून पाहिले. "सांधे झिजलेत. मांजर दुखणं सांगत नाही. एकेक काम गुपचूप सोडत जातं."

गुरम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. "दोन वर्षं झाली, गच्चीवर गेले न्हाईत. म्हणे, वर काय ठेवलंय?"

मलप्पा भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचू लागले.

"वजन उतरवा, उबदार अंथरूण द्या, रोज थोडं हिंडवा," डॉक्टर मखमलच्या कागदावर लिहीत म्हणाल्या.

"कागद दोन करा," गुरम्मा म्हणाली.

दोन महिन्यांत मखमल तिच्यासाठी ठेवलेल्या लाकडी पायरीवरून थप्पीच्या अर्ध्यापर्यंत जाऊ लागली आणि मलप्पा गच्चीपर्यंत. दुकानात कुणी गुडघा चोळला की ते सुरू व्हायचे, "तूप कमी करा, रोज चाला, सांधे उबंत ठेवा."

"कोन डॉक्टर हो तुमचे?" मिरची घ्यायला आलेल्या सरजाबाईंनी एकदा विचारलं. "मला बी दाखवायचंय."

"लई हुशार बाई हाय," मलप्पा छाती काढून म्हणाले. "पर तिथं जायचं तर घरात एक मांजर पायजे."