टेकाडावरील घंटा आणि तांबडे वाफे

श्री बिरोबा समर्थ. टेकाडास वंदन, कुंपणाच्या काट्यांस वंदन, आणि ऐकणारांस आरोग्य असो. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, माघमासीं टेकाडाचे राज्यीं जें वर्तमान जालें तें यथास्थित लिहितों. राज्य सगळें उतारावर, सबब येथें हातून निसटलेला भोपळा परमुलुखांत जाऊन थांबतो. गादीवर निंबाजीराव, पदरीं मेंढरांची फौज, आणि फौजेचे सरलष्कर बाजिंदा नामें मेंढा. त्यांचे गळां पितळी घंटा. ती जिकडे वाजे तिकडे फौज चाले, हा रिवाज बापजाद्यांपासून. राणीसाहेब तानूबाई यांणीं कुरणाचा खालचा तुकडा मागून घेतला आणि त्यांत स्ट्रॉबेरीचे वाफे घातले. ते समयीं राजांचे चुलते हैबतराव यांणीं तह ठरविला कीं, पहिला हंगाम बाईंनीं राखिला तर जमीन बाईंची, आणि मेंढरांनीं तोंड घातलें तर जमीन पुन्हां कुरण. बाईंनीं कबूल केलें, आणि मग कंबर मोडेतों खुरपलें, आणि एकेका रोपाखालीं वाळलें गवत अंथरलें, आणि फळ तांबडें होऊं लागलें तेव्हां त्यांस अन्न गोड लागेना, इतका जीव त्यांत गुंतला.

तोडणी उद्यावर आली असतां राजांनीं लोकर कातरण्याची मोहीम काढिली. पहिला मान सरलष्करांचा. घंटा उतरविली तर ती भुईस टेकूं नये, टेकली तर कळपास रोग येतो, ऐसा या घराण्याचा दंडक. म्हणोन राजांनीं ती हातासरशी जवळच्या खांबास अडकविली. तो खांब वाफ्यांच्या फाटकाचा. मग सरलष्करांस आडवें पाडून कातरूं लागले, आणि अर्धें अंग उघडें जालें तेव्हां त्यांचेच शिपाई त्यांस ओळखेनात. इतक्यांत वारा सुटला, आणि फाटक हाललें, आणि घंटा वाजली. फौजेनें माना वर केल्या आणि शिस्तीनें कूच केलें, फाटक रेटून आंत शिरली, आणि वरचा वाफा पानाफळांसहित फस्त केला.

राजे सरलष्करांस सोडून धांवले, काठी आपटली, “आरं फिरा, फिरा माघारी!” म्हणोन घसा बसविला. परंतु घंटा फाटकावर वाजतच होती, आणि फौज हुकुमाची पक्की. राजांचा कुत्रा तटस्थ राहिला. हैबतराव बांधावर बसोन म्हणाले, “मोडला बगा तह.”

तों तानूबाई भाकऱ्या घेऊन आल्या. त्यांणीं पाहिलें, पाटी खालीं ठेविली, खांबावरील घंटा काढिली, आणि ती वाजवीत टेकाड चढूं लागल्या. तांबड्या तोंडांची सगळी फौज मागें निघाली. बाई वरपर्यंत रडत गेल्या, परंतु हात थांबविला नाहीं.

मग जांभळीखालीं दरबार भरला. हैबतराव बोलले, “सूनबाई, बोलनं झालं हुतं. मेंढरांनी तोंड घातलं, जमीन कुरनाची.”

“झालं हुतं, तात्या. पर घंटा फाटकाला कुनी बांधली, त्ये आदी इचारा.”

सर्वांनीं राजांकडे पाहिलें. राजांनीं कातरीकडे पाहिलें. राजांस वाफे कधींच नको होते. उगे राहिले असते तर कुरण आपसूक परत येत होतें. परंतु बाईंचे डोळे सुजलेले दिसले, आणि राजांस मेल्याहून मेल्यासारखें जालें.

“म्या बांधली,” राजे म्हणाले. “मेंढरांचा काय दोष न्हाई, तात्या. आन् हिचा तर न्हाईच. जमीन तिची.”

एतावता निकाल ऐसा. एक वाफा गेला, बाकीचे राहिले, आणि फळ उत्तम उतरलें. घंटा मात्र पुन्हां बाजिंद्याचे गळां गेली नाहीं, ती बाईंनीं ठेवून घेतली. फौजेनें कोठें चरावें आणि खतासाठीं कोठें बसावें, हें आतां बाई ठरवितात. दुपारीं भाकरी जाली म्हणजे त्या घंटा वाजवितात, तेव्हां सर्वांपुढें राजे येतात, त्यांमागें बाजिंदा, आणि शेवटीं कुरकुरत हैबतराव.