साडेतेरा व्होल्टचे शिंत्रे

आमच्या विट्यात गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर नव्याने प्रोग्राम करायचा असेल, तर त्याला वीज माणसाची लावतात. गेली काही वर्षं ती वीज आमच्या ह्यांची असते.

कारण सरळ आहे. त्या कॉम्प्युटरमधलं जुनं पुसून नवं भरताना वीज बाराच्या खाली गेली किंवा एकदम उसळली, की तो जागीच मरतो आणि गाडी म्हणजे चार चाकांवरची पत्र्याची खोली होऊन बसते. घरच्या विजेचा भरवसा नाही, ती येते-जाते. बॅटरी हळूहळू खाली बसते. साधा चार्जर हेलकावे खातो. तेव्हा साडेतेरा व्होल्टवर न हलता बसेल असा माणूस शोधायचा आणि त्याच्या दोन अंगठ्यांना लाल आणि काळी क्लिप लावायची, अशी पद्धत पडली. त्यात इथे कुणाला काही वाटत नाही.

गॅरेज रियाज मुल्लाचं. माणूसही त्यानेच निवडला, आणि नीट पारखून निवडला हे मी मान्य करते. आधी त्याने बँकेचे मॅनेजर बसवून पाहिले. कुणी "साहेब" म्हटलं की ते पंधरावर जायचे. मग योगाचे क्लास घेणारे गुरुजी आणले. ते चांगले स्थिर होते, पण पलीकडच्या गल्लीतल्या क्लासला जास्त गर्दी असते असं कुणीतरी बोललं आणि ते नवावर आले. शेवटी आमच्या ह्यांना बोलावलं. दिनकर शिंत्रे, दूध संघात फॅट तपासायला होते. रोज सकाळी गवळ्यांच्या शिव्या खायच्या आणि "बरं" म्हणायचं, ही त्यांची नोकरी. रियाजने मीटर लावून त्यांना आधी नावं ठेवली, मग तोंडभर कौतुक केलं. काटा साडेतेरावर. मग तो खोटंच म्हणाला, "काका, तुमच्या घराला आग लागल्या."

हे म्हणाले, "बरं."

काटा साडेतेरावर. रियाजने तिथल्या तिथे पेढे वाटले. आता मला सांगा, त्या वेळी घरात कोण होतं? मी होते! मी आत भाकऱ्या थापत होते, आणि इकडे माझं घर जळतंय हे ऐकून या गृहस्थाचा पाव व्होल्टसुद्धा हलला नाही. वर पेढ्याचा पुडा घेऊन घरी आले आणि मलाच म्हणाले, "घे, तोंड गोड कर."

मी तोंड गोड केलं नाही. त्या तोंडाने जे बोलायचं ते बोलले. या माणसाबरोबर मी अख्खा संसार केलाय. मुलगी सासरी निघाली तेव्हा मांडव रडत होता आणि हे वाढप्याला विचारत होते, मीठ कुठे ठेवलंय. मला आयुष्यात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, ती म्हणजे माझं या माणसाला काही वाटतं की नाही. विचारलं तरी उत्तर तेच, "बरं."

तेव्हापासून ते गॅरेजला निघाले की मीही जाते. शेजारी खुर्ची टाकून बसते आणि काम संपेपर्यंत त्यांना सुनावते. क्लिपा लावलेल्या असल्यामुळे त्यांना उठून जाता येत नाही, ही सोय मला घरी नाही. गाड्या होत राहिल्या, कुणाची तक्रार नव्हती.

मागच्या महिन्यात जनावरांचे डॉक्टर नलवडे त्यांची जीप घेऊन आले. नवीनच बदलून आलेत. रियाजने क्लिपा लावल्या, मी तोंड उघडलं, आणि डॉक्टर म्हणाले, "या बाईंना आधी बाहेर काढा. यांच्या कटकटीने शिंत्र्यांचे व्होल्ट हलतील. गाडी माझी आहे."

"डॉक्टर," मी म्हटलं, "यांना हलवायचा प्रयत्न मी लग्नापासून करतेय. तुमच्या जीपसाठी आज हलतील होय?"

रियाज हात जोडून म्हणाला, "काकी, जरा भाईर बसा की. डॉक्टर लई घाबरल्यात."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी म्हणतील, ती इथेच बसेल. हे म्हणाले, "बरं."

मी उठले. समोरच्या रसवंतीत जाऊन बसले आणि ठरवलं की आता या माणसाशी शब्द बोलायचा नाही. आजच नाही, कधीच नाही. अंगाचा तिळपापड झाला होता. रससुद्धा मागवला नाही.

थोड्या वेळाने डॉक्टर नलवडे धावत रस्ता ओलांडून आले.

"शिंत्रेबाई, चला लवकर! साडेबारावर आलेत. जुनं पुसून झालंय आणि नवं अर्धंच भरलंय!"

"मग लावा की दुसरं कुणीतरी."

"मध्येच बदलता येत नाही हो. पाया पडतो तुमच्या. बोला काहीतरी."

आत गेले तर काटा बारावर. हे नेहमीसारखेच बसलेले, चेहऱ्यावर रेघ नाही. मी आधी डॉक्टरांनाच धुऊन काढलं. कटकट म्हणजे काय, बाईला बाहेर काढणं म्हणजे काय, सगळं विचारलं. काटा ढिम्म. रियाज ओरडला, "त्यांस्नी नको काकी, काकांस्नी बोला!"

मग ह्यांच्याकडे वळले. दिवाळीची साडी बघून "बरी आहे" म्हणाले होते, तिथपासून सुरुवात केली. काटा चढायला लागला. माझ्या आजारपणावर आले तेव्हा तेरा झाले. "मी मेले तरी तुम्ही 'बरं'च म्हणणार," असं म्हटलं तेव्हा काटा बरोबर साडेतेरावर येऊन थांबला. डॉक्टरांनी घाम पुसला.

माझा संताप मात्र आणखी वाढला. जन्मभर मी एक गोष्ट विचारली, आणि तिचं उत्तर मला या तेलकट टेबलावर, दुसऱ्याच्या मीटरवर वाचायला लागावं? यांना तोंड नव्हतं? की मीटरच खोटा? बिघडलेला मीटर कुठेही जाऊन थांबतो.

म्हणून मी मुद्दाम गप्प बसले.

तेरा. पावणेतेरा. साडेबारा.

"काकी!" रियाज किंचाळला. डॉक्टर डोळे मिटून उभे होते. हे माझ्याकडे बघत होते, काही म्हणाले नाहीत, "बरं"सुद्धा म्हणाले नाहीत.

आणखी थोडा वेळ मी तशीच बसून राहिले असते. पण जीप दुसऱ्याची होती, म्हणून पुन्हा बोलायला लागले.