शिडीरावांच्या आखूड बंदुकीची हकिकत

वाचणारांनी चित्त थाऱ्यावर आणावे, चहाचा पेला बाजूस सारावा आणि पुढील मजकूर गांभीर्याने ध्यानी घ्यावा. पूर्वी मुलखांसाठी रणे जाहली, किल्ल्यांसाठी वेढे पडले आणि त्यांच्या हकिकती थोर लोक लिहून गेले. आमचे नशिबी बंदुकीचा दस्ता आला. परंतु मोहीम ती मोहीम, सबब जे घडले ते पदरचे न घालता लिहितो. कोठे पदरचे पडलेच असेल तर ते आमच्या मंडळाच्या अध्यक्षसाहेबांच्या वाट्याचे आहे आणि त्यांस ते शोभते.

त्यास वर्तमान ऐसे जे, नेमबाजी मंडळात राजश्री शिडीराव म्हणोन एक शिलेदार होते. पेशा घरोघर पडद्यांच्या दांड्या बसविण्याचा. उंची ऐसी की कामास शिडी लागत नसे, म्हणोन लोकांनी हाच किताब बहाल केला आणि खुद्द मातोश्रीही त्याच नावाने जेवावयास हाका मारू लागल्या. मंडळाची बंदूक पॉइंट टू-टूची, काडतुसाच्या कडेवर ठोका बसून बार होतो ती, जीस जाणते रिमफायर म्हणतात. तिचा दस्ता बेताच्या माणसाच्या मापाचा. शिडीराव चटईवर पालथे पडून तो खांद्यास लावीत तेव्हा कोपरे बरगडीत शिरत आणि मान मोडल्यागत वाके आणि मग डोळा नेम धरावयाच्या चकतीवर आदळून भुवईवर गोल शिक्का उमटे. तो शिक्का मिरवीत ते गिऱ्हाइकांकडे जात आणि गिऱ्हाईक घरचे भांडण समजून विषय हवापाण्यावर नेई. जगाच्या खिडक्या फितीने मोजणाऱ्या या गृहस्थास आपली बंदूक मोजावी हे कैक वर्षे सुचले नाही, यातच त्यांच्या अकलेची मोजणी झाली.

मंडळाचे अध्यक्षसाहेब कदाने आखूड आणि किताबांनी लांब. त्यांची खुर्ची चटयांच्या मागे मांडलेली असे आणि ती अंमळ उंच असे. उंच माणसाशेजारी ते उभे राहिल्याचे कोणी पाहिले नव्हते. पाय अधांतरी लोंबत, परंतु तिकडे पाहण्याची मुभा नव्हती. त्यांणी हुकूम फर्माविला की वार्षिक सामन्यास तिघांची फौज जाईल, आणि निवडीत जो चौथा येईल त्याने येथून पुढे बार काढू नये, निशाणाचे कागद टांगावे. पहिली जागा शिडीरावांच्या थोरल्या भगिनी ताईसाहेब यांची, त्याविषयी तकरार नव्हती. दुसरी बेकरीवाल्यांची. तिसरीस दोन उमेदवार, एक शिडीराव आणि दुसरे अध्यक्षसाहेबांचे जावई. टांगण्याची जागा उंचावर होती, तेव्हा हुकूम कोणास उद्देशून निघाला हे भिंतीसही कळले.

शिडीराव त्या दिवशी जेवले नाहीत. या माणसास बोलण्याची कला नव्हती, नाचण्यास छत आडवे येई, एक नेम तेवढा त्यांचा स्वतःचा होता. तोही जातो म्हटल्यावर ते कोपऱ्यात बसून डोळे पुसू लागले. ताईसाहेब जवळ येऊन म्हणाल्या, "रडतोस काय असा? बंदूक तुला होत नाही, तर होईल अशी शोधू. चल, चपला घाल."

मग भावंडांनी कूच केले. पहिल्या दुकानी मुक्काम जाहला. तेथील दुकानदाराने शिडीरावांस आपादमस्तक न्याहाळले, त्यातच बराच वेळ खर्ची पडला, आणि मग सल्ला दिला की बंदूक उत्तम आहे, साहेबांनी मान थोडी आखडून घ्यावी, सवयीने होते. ताईसाहेबांनी त्यास ऐसे पाहिले की तो कुलूप शोधू लागला. दुसऱ्या दुकानी लांब दस्त्याची बंदूक मिळाली. खांद्यास लावताच मान मोकळी जाहली, कोपरे बरगडीतून बाहेर आली आणि शिडीरावांचे नेत्र भरून आले. तो कळले की बंदूक डावखुऱ्यांची आहे. नेत्र भरलेलेच राहिले, कारण बदलले. मग दुकानदाराने दस्त्याच्या टोकास बसविलेल्या काळ्या लाकडी चकत्या दाखविल्या, किंचित बाकदार, प्रत्येकीस दोन भोके. तो म्हणाला, "यांनीच दस्ता लांब होतो. अशा चकत्या प्रत्येक बंदुकीसोबत पेटीत येतात, सुट्या मिळत नाहीत. तुमच्या कुठं गेल्या?"

ही खबर घेऊन उभयता अध्यक्षसाहेबांपुढे दाखल जाहली. साहेबांनी खुर्चीवरून फर्माविले की आमच्या बंदुकीसोबत ऐसे काही आलेच नाही, आणि आले असते तर आमचे नजरेखालून गेले असते.

चकत्या नाहीत म्हणोन शिडीरावांनी आपल्या अकलेने तजवीज केली. रबरी चप्पल घेतली आणि ती चिकटपट्टीने दस्त्यास बांधली आणि सरावास उतरले. चप्पल ऐन बारास निसटली आणि गोळी शेजारच्या कागदावर, म्हणजे जावयाच्या, गेली आणि नेमकी मधोमध बसली. जावयाच्या कागदावर एक भोक जास्त भरले. अध्यक्षसाहेबांनी भिंग लावून मोजणी केली, सर्वांत वाईट भोक आपलेच नव्हे म्हणोन गाळले आणि मधले जावयास बहाल करून म्हणाले की आज जावईबापूंचा हात बसला. जावयांनी मान लवविली. चपलेस मनाई जाहली. त्या वर्षीचा जावयांचा सर्वोत्तम बार चपलेने काढला, हे इतिहासास ठाऊक असावे.

निवडीचा दिवस उजाडला. पहिल्या फेरीत शिडीराव मागे पडले, भुवई सुजली, आणि शेवटल्या फेरीपूर्वी त्यांणी हाय खाऊन चटईवर गाल टेकला आणि तोंड मागे फिरविले, कारण निशाण पाहवेना. तो दृष्टी थेट खुर्चीच्या पायांवर गेली. त्या जागी दृष्टी नेण्यास माणूस भुईसपाट व्हावा लागतो, आणि शिडीरावांखेरीज इतके पराभूत तेथे कोणी पडलेच नव्हते. चारी पायांखाली काळ्या लाकडी चकत्या, किंचित बाकदार, कडेने डोकावणारी भोके. नजरेखालून गेल्या नव्हत्या खऱ्या. आसनाखाली गेल्या होत्या.

शिडीराव पडल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, जरा उठता का?"

"का म्हणून?"

"माझी बंदूक तुमच्या खाली आहे."

अध्यक्षसाहेबांचा चेहरा उतरला, परंतु साहेब खासे उतरले नाहीत. उठलो तर शेजारी शिडीराव उभा राहील, ही त्यांची खरी दहशत. त्यांणी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि हुकूम केला की फेरी चालू करावी. तेव्हा शिडीराव उठले. आयुष्यात प्रथमच न वाकता, पुरते उठले. एका बाजूस ते, दुसऱ्या बाजूस ताईसाहेब, आणि उभयतांनी खुर्ची साहेबांसकट वर उचलली. बेकरीवाल्यांनी प्रसंगावधान राखून टाळ्या पिटल्या, मग सर्वांनी पिटल्या, आणि साहेबांस हा आपला सत्कार ऐसे वाटून त्यांणी हात हलविला. तेवढ्या अवकाशात ताईसाहेबांनी पायाने चकत्या बाहेर ओढल्या.

शिडीरावांच्या खिशात पडद्याच्या दांडीचे लांब स्क्रू सदा असत. चकत्या दस्त्यास बसल्या. शिडीराव पालथे पडले आणि मान सरळ राहिली आणि भुवई शाबूत राहिली आणि मग जे बार निघाले ते एकावर एक ऐसे की कागदास एकच भगदाड पडले. मोजावयास भिंग लागले नाही. जावई कागद टांगावयास रवाना जाहले, स्टूल घेऊन.

इकडे खुर्ची खाली उतरली होती आणि साहेबांचे पाय प्रथमच जमिनीस लागले होते. त्यांच्या पोटऱ्यांस नेहमी कळ येत असे ती थांबली, चेहरा सैलावला, परंतु कबूल केले नाही. उलट जाहीर केले की या चकत्या आपण इतकी वर्षे स्वतः जपून ठेविल्या होत्या. सभेने आभार मानले, कारण सभेस घरी जावयाचे होते.

येणेप्रमाणे दस्ता लांबला, मान वाचली, तिसरी जागा शिडीरावांस मिळाली आणि मोहीम फत्ते पावली. स्मरणार्थ फौजेची तसबीर काढिली. ती खुर्चीवर बैसलेल्या अध्यक्षसाहेबांच्या मापाने काढिल्यामुळे शिडीरावांचे मस्तक तीत आले नाही. परंतु बंदूक पुऱ्या लांबीची आली आहे, आणि ताईसाहेब ती तसबीर घरी येणाऱ्या प्रत्येकास दाखवून बंदुकीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हा माझा भाऊ."