एका थराच्या पाकिटावरच्या सासूबाई

"पाकिटाचे सगळे नियम मी कोळून प्यायलोय!" जावईबापूंनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या काखेत पाकिटांच्या प्लास्टिक फिल्मचा रोल होता, आणि रोलवर वीत-वीत अंतरावर छापलेल्या सासूबाई हसत होत्या.

जावईबापू म्हणजे बेकरीचे मालक. बाजारात त्यांना सगळे शेठ म्हणत. पण बेकरीची लोणी-बिस्किटं सासूबाईंच्या कृतीने व्हायची, त्यामुळे स्वतःच्या बेकरीतही ते जावईबापूच राहिले होते. वर पांढऱ्या साखरेचा गुळगुळीत थर असलेली ही बिस्किटं आता मोठ्या दुकानांच्या साखळीत जायची शक्यता होती. सोमवारी त्या साखळीच्या खरेदी अधिकारी बाई येणार होत्या. त्यांनी होकार दिला, की बंद पडलेली दुसरी भट्टी पेटणार होती. शिवाय पाकिटावर स्वतःचा फोटो पाहून सासूबाई लग्नानंतर प्रथमच जावयाचं कौतुक करणार होत्या. खरं सांगायचं तर जावईबापूंचा जीव भट्टीपेक्षा या दुसऱ्या गोष्टीत अडकला होता.

"अहो, ही फिल्म खाण्याच्या वस्तूंना चालते ना?" बायकोने विचारलं.

"प्रमाणपत्र आहे!"

"आणि शाई?"

"शाई बाहेर, बिस्किटं आत, मध्ये फिल्म! तू म्हणजे ना, उगाच शंका काढतेस!"

ही शंका छपाईवाल्यानेही काढली होती. त्याचं म्हणणं, शाई दोन थरांच्या मध्ये दाबून टाकू, म्हणजे ती कुठेच लागणार नाही. पण ते थर एकमेकांना पक्के चिकटायला काही दिवस जातात.

"एकच थर घ्या, वरून छापा, चकचकीत दिसेल!" जावईबापूंनी फर्मान काढलं होतं.

"शेठ, पण ही शाई एका थराला..."

"सोमवार! सोमवार!" म्हणत त्यांनी फोन ठेवून दिला होता.

आता गुंडाळलेल्या फिल्ममध्ये एका वेढ्याची बाहेरची बाजू पुढच्या वेढ्याच्या आतल्या बाजूला घट्ट टेकलेली असते. हे नियमांत जिथे लिहिलं होतं, तिथपर्यंत जावईबापू कोळून प्यायले नव्हते. रोल ठेवला तोही भट्टीच्या उबेला. त्या उबेत शाईतल्या सासूबाई गुपचूप आतल्या बाजूला उतरल्या. मशीनने पाकिटं बांधली, आणि लोण्याने मऊ झालेल्या साखरेने सासूबाईंना तिथून अलगद उचलून घेतलं.

सोमवारी सकाळी बायकोने सहज एक पाकीट फोडलं.

"अहो, जरा इकडे या. आई आलीये."

जावईबापूंनी घाईघाईने शर्टाची बटणं लावली, केस चापून बसवले आणि दाराकडे धावले. दारात कोणी नव्हतं. मागे वळले, तर बायकोने त्यांच्या नाकासमोर बिस्किट धरलं.

फिकट, निळसर, पण सासूबाईच! दुसऱ्या बिस्किटावर नुसते डोळे. तिसऱ्यावर हनुवटी. चौथ्यावर कपाळ, आणि कपाळावर आठी.

"फोटोत आठी नव्हती!" जावईबापू किंचाळले.

"ती साखरेला गेलेली चीर आहे. शांत व्हा."

शांत होणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी छपाईवाल्याला फोन लावला.

"शाई आत उतरली, शेठ," तो म्हणाला. "हेच तर सांगत होतो! ही शाई पोटात जाता कामा नये. माल बाहेर गेला, तर परवाना गेलाच समजा."

"पण मग चेहरा उलटा यायला हवा होता ना?"

"आत उतरताना उलटा झाला, बिस्किटावर उतरताना पुन्हा सुलटा."

"म्हणजे छपाई चांगलीच झालीय की!"

"आपली छपाई चांगलीच असते हो!"

फोन बंद होतो न होतो, तोच खरेदीबाई आत आल्या. जावईबापूंनी फोडलेल्या पाकिटातल्या बिस्किटांचा ट्रे पाठीमागे लपवला. बाईंनी शांतपणे टेबलावरचं एक पाकीट घेतलं, फोडलं आणि बिस्किट उजेडात धरलं.

"हे तुम्ही बिस्किटावर छापता?"

"म्हणजे... ते आपोआप..."

"कमाल आहे! कुठे डोळे, कुठे हनुवटी! अहो, पूर्ण चेहरा जुळवायला मुलं पाकिटांवर पाकिटं घेतील! असाच माल हवा आम्हाला. सगळ्या दुकानांत!"

जावईबापूंच्या डोळ्यांपुढे दुसरी भट्टी पेटली. तिसरीचीही जागा दिसली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको नुसती बघत राहिली. न बोलता बघण्याची ही कला तिने आईकडून घेतली होती.

"रंग खाण्याचाच आहे ना?" असं विचारत बाईंनी बिस्किट तोंडाजवळ नेलंसुद्धा!

"खाऊ नका!" जावईबापूंनी झेप घेऊन बिस्किट हिसकावलं. "बाई, ती सासू नाही, शाई आहे!"

मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी आधी हात धुतले, मग चेहरा गंभीर केला.

"हा सगळा माल आत्ताच बाजूला काढा. चुकूनही कोणाच्या तोंडी जाता कामा नये. प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत तशी चिठ्ठी लावा. दोन थरांच्या पाकिटात नमुने तयार करा, शाईची चाचणी करून घ्या आणि मग मला बोलवा." दारात थांबून त्या म्हणाल्या, "सांगितलंत म्हणून परत येणार आहे. हे स्वतःहून कोणी सांगत नाही."

"बरं केलंत," बायको म्हणाली. भट्टी काही पेटली नाही, पण जावईबापूंना जरा उबदार वाटलं.

दोघांनी मग खोक्यांना लाल चिठ्ठ्या लावायला घेतल्या. खोक्यांवरही सासूबाईंचा भला मोठा फोटो होता. कोरी जागा फक्त हनुवटीच्या खाली. जावईबापूंनी मन लावून, एकही वाकडी न होऊ देता, रांगेतल्या प्रत्येक हनुवटीखाली चिठ्ठी चिकटवली. शेवटची चिठ्ठी लावायची राहिली होती, एवढ्यात दारातून आवाज आला.

"या गं, या! जावयाने माझा फोटो छापलाय, बघा तरी!"

सासूबाई आपल्या दोन्ही बहिणींना घेऊन आल्या होत्या. तिघी खोक्यांच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. धाकटीने चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करत वाचलं.

"मानवी. सेवनास. अयोग्य."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "हे मत तुमचं, की सरकारचं?"

"सरकारचं, आई! शपथेवर सांगतो, सरकारचं!"

"असं होय. आणि चिकटवलं कोणी?"

उत्तरादाखल जावईबापूंनी हात मागे घेतले. अंगठ्याला चिकटलेली शेवटची चिठ्ठी मात्र त्यांच्याबरोबर मागे गेली, आणि पुढचा सगळा खुलासा त्यांनी ती स्वतःच्याच पाठीवर लावून केला.