अण्णा मुद्दाम पडतात

आमच्या शेजारचे अण्णा रोज सकाळी सात वेळा पडतात. मुद्दाम. आठव्यांदा पडले, तर ती चूक धरतात आणि स्वतःवर चिडतात.

खराडीत आमची इमारत ज्या शेतात उभी आहे, ते शेत त्यांचं. उरलेल्या चार गुंठ्यांत पाया खणताना निघालेल्या मातीचा ढिगारा होता. परदेशात बर्फ नसतो तेव्हा फळीवरून घसरायचा सराव प्लॅस्टिकच्या ब्रशांच्या चटईवर करतात, हे नातीनं त्यांना कॅनडातून फोनवर दाखवलं. अण्णांनी ढिगाऱ्याला उतार दिला, शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद अंथरला आणि त्यावर पाणी उडवायला बेकार पडलेले तुषार सिंचनाचे पाइप जोडले, आणि फळीवर उभे राहून घसरू लागले. कागद असा निसरडा झाला, की पहिल्याच दिवशी एक मांजर बसल्या बसल्या खाली आलं.

"अण्णा, वय काय तुमचं?" मी गॅलरीतून ओरडायचो.

"बैलामागं फळीवर उभं राहून रान सपाट केलंय साहेब. हितं तर बैलबी न्हाई!"

ते पडले, की उठेपर्यंत माझा चहा कपातच निवायचा. कॅनडाला जाताना त्यांचा मुलगा मला नंबर देऊन गेला होता, "काका, बाबांकडे लक्ष असू द्या."

एक दिवस अण्णा कोलांटी खाऊन थेट शेवग्याच्या बुंध्याला मिठी मारूनच थांबले. मी व्हिडिओ काढला आणि मुलाला पाठवला. काळजीपोटी, असं बायकोला सांगितलं. आज खरं लिहितो. हसू आवरेना म्हणून पाठवला.

मुलानं मला उत्तर दिलं नाही. अण्णा हिवाळ्यात नातीकडे जाणार होते, ते कॅनडाचं तिकीट मात्र त्यानं रद्द केलं. इकडे कॅनडात येऊन हाड मोडलं तर कोण बघणार, म्हणाला म्हणे.

पाइप बंद झाले. मी गॅलरीचा पडदा ओढून घेतला. तीन-चार दिवस काढले, मग राहवेना. ढिगारा चढून गेलो तर अण्णा माथ्यावर बसून कागद वर गुंडाळत होते.

"एवढं कशाला शिकत होतात, अण्णा?"

"शिकत कुठं? पडत होतो. नात शाळेच्या पोरांबरुबर बर्फावर जाती. पडली की पोरं हसत्यात. आता जायाचंच न्हाई म्हणती. म्हटलं, मी येतो. दोघं पडू. पोरं म्हाताऱ्याला हसतील, तुला सोडतील."

"अण्णा, तो व्हिडिओ..."

"तुमचाच. पोरानं मला धाडला. हसण्याचा आवाज आला की त्यात."

त्यांनी गुंडाळी पायानं लोटली. कागद पुन्हा उतारभर पसरला. मग पाण्याचा कॉक फिरवला, फळी माझ्या पायाशी सरकवली आणि माझाच मोबाइल मागून घेतला.

"चढा. पोरीला दावू, आजोबा काय एकटाच पडत न्हाई."

अण्णा बाजूनं खाली उतरले. मी फळीवर चढलो. खाली मोबाइल रोखून उभे असलेले अण्णा अजिबात हसत नव्हते.