बंद पंख्याखालचे साळवे

लोडशेडिंग झालं की माणसं हातपंखा शोधतात, नाहीतर सरकारला शिव्या देतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे दावीदराव साळवे मात्र पंख्याचं बटण चालू करून, शर्ट काढून, त्या बंद पंख्याखाली डोळे मिटून बसत आणि म्हणत, "प्रभू, वाऱ्याबद्दल आभारी आहे." घाम हनुवटीवरून गळत असे. वीज आली की आमच्याकडे असे बघत, जणू ती यांनीच आणली.

साळवे मूळचे नगरचे. कुठल्याशा सरकारी कचेरीतून बदलीवर कलकत्त्याला आले आणि तिथल्या बेहाला भागातच राहिले. मागायचं आणि लगेच आभार मानून मोकळं व्हायचं, ही त्यांची रीत. मी एकदा जिन्यात म्हणालो, "देवाच्या मनात असेल तर यंदा माझी पुण्याला बदली होईल."

"कुलकर्णी, तुम्ही मागताय की टाळताय?" साळवे तिथंच थांबले. "आमच्या घरात 'तर' चालत नाही."

बदली झाली नाही. त्याचं खापरही त्यांनी माझ्या 'तर'वर फोडलं.

साळव्यांच्या बायकोला, मार्थावहिनींना पोटाचा कॅन्सर झाला आणि या हट्टाचं हसू येईनासं झालं. बंगाली डॉक्टर दाराशी हळूच म्हणाले, "दादा, आर बेशी दिन नेई." आता फार दिवस उरले नाहीत. साळव्यांनी त्यांना चहा पाजला आणि वहिनी बऱ्या झाल्याबद्दल त्यांच्यासमोरच देवाचे आभार मानले. नाताळला अजून अवकाश होता, तरी वहिनी उठून करंज्या करणार म्हणून सियालदहच्या बाजारातून खोबरं आणून ठेवलं.

वहिनी पार वाळल्या होत्या. लग्नातली पांढरी साडी नेसवूनच मला मातीत ठेवा, एवढंच त्यांना नवऱ्याला सांगायचं होतं. त्यांनी "अहो, ती साडी..." म्हटलं रे म्हटलं, की साळवे मोठ्यांदा "आमेन!" म्हणून बोलणं तोडत. मरणाऱ्या बायकोला मरणाचं बोलू न देणारा हा विश्वास मला क्रूर वाटे. अजूनही वाटतो.

शेवटी एका दुपारी वहिनींनी ती साडी माझ्या बायकोच्या, शालिनीच्या हातात दिली. "यांना आत्ता सांगू नका, घाबरतील," म्हणाल्या.

पुढं पंधरवड्यानं त्या गेल्या. चर्चमधल्या बायका नेसवायला साडी मागू लागल्या, तेव्हा साळवे एकेक ट्रंक उपसत बसले. शालिनी वरून ती घडी घेऊन आली. साळव्यांनी साडी ओळखली आणि ती हातात धरून खाटेवर बसले.

"तुम्हाला सांगितलं तिनं," ते म्हणाले. "मला नाही."

"तुम्ही ऐकत कुठं होता, भावजी?" शालिनी बोलून गेली. मला वाटलं, आता आमेन येणार.

"काल फार कळवळत होती. माझ्यानं बघवेना. जन्मात पहिल्यांदा म्हणालो, प्रभू, तुझी इच्छा असेल तर ने तिला." त्यांचा अंगठा साडीच्या काठावरून फिरत राहिला. "इतकं सगळं मागितलं, वहिनी. त्यानं तेवढंच ऐकलं."

तेवढ्यात वीज गेली. बायका पदरानं वारा घेऊ लागल्या. साळवे उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं.